चमकेल ती नापास

ती बाटली आमच्या कॉलेजात आली, तेव्हा तिच्या स्वागताला रसायनशास्त्र विभाग झाडून उभा होता. विभाग म्हणजे आम्ही चौघं. लाकडी पेटीत पत्र्याचा डबा, डब्यात कापूस आणि कापसात बोटाच्या पेराएवढी कुपी. विभागाच्या शिपायानं पेटीचे खिळे उपटले, कापूस बाजूला केला आणि कुपीकडे बघून म्हणाला, "एवढ्याशा शिशीसाठी एवढी मोठी पेटी? आमच्या इकडं नवरदेव बी एवढ्या बंदोबस्तात येत नाई."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्धा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथलं कॉलेज, आणि मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर. मुलांना ब्यूरेट भरून दाखवणं, द्रावणं तयार करणं आणि प्राध्यापकांनी फळ्यावर सिद्ध केलेलं टेबलावर चुकलं तर ते मुलांच्या माथी मारणं, हे माझं काम. आमचे विभागप्रमुख दोन वर्षं परदेशात राहून आले होते. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. बाजारात लोक त्यांना गुडघे दाखवत. सुरुवातीला ते समजावून सांगत की मी त्यातला डॉक्टर नव्हे. पुढे कंटाळून शेक घ्यायला सांगू लागले.

कुपी डॉक्टरांच्या परदेशातल्या गुरुजींनी पाठवली होती. आत फ्लुओरेस्कॅमीन नावाची पांढरी भुकटी होती. शिपायानं दोन दिवसांत तिचं चमकमीन केलं आणि विभागात तेच नाव चाललं. भुकटीचा गुण असा, की तिला स्वतःला चमक नाही. पण अमाईन नावाच्या द्रव्यांशी गाठ पडली, की दोघांचं मिळून जे होतं ते अतिनील दिव्याखाली निळसर हिरवं चमकतं. मांस, मासळी शिळी होऊ लागली की तिच्यातली प्रथिनं मोडून हीच अमाईनं तयार होतात. सडक्या मासळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यात त्यांचा मोठा वाटा. म्हणजे नाकाला कळायच्या आधी डोळ्याला कळावं, अशी ही सोय होती.

डॉक्टरांनी एक अख्खा उन्हाळा यावर काम केलं. हे मला आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून त्यांच्याबद्दल गैरसमज होईल. काम चांगलं होतं. मासळी वाटायची, आम्लात धुवायची, काचेच्या पट्टीवर वेगवेगळी अमाईनं वेगवेगळ्या उंचीवर चढू द्यायची आणि मग त्यावर चमकमीन फवारून अंधारात दिव्याखाली बघायची. एका मासोळीला पूर्ण दिवस लागायचा. ताज्या मांसातही थोडी चमक येतेच, म्हणून किती आणि कुठे हे नीट बघावं लागायचं. डॉक्टर नाकाला रुमाल बांधून हे करत. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो, अशा घरातून ते आलेले. त्यांनी मासोळीसाठी सोसलेलं मी पाहिलं आहे.

बिघडलं ते पुढच्या वर्षी, काम प्रयोगशाळेबाहेर पडलं तेव्हा. आमच्या प्राचार्यांना समारंभांचं वेड होतं. वर्गात नवा फळा बसवला तरी नारळ फुटायचा. त्यात आमच्या जिल्ह्याची हवा अशी, की इथे साधेपणासुद्धा समारंभानंच साजरा होतो. पाहुण्याला फुलांचा हार घालायचा नाही, सुताचा घालायचा. आणि तो घालताना आपण फुलांचा घालत नाही आहोत यावर दहा मिनिटं बोलायचं. प्राचार्य एके दिवशी प्रयोगशाळेत आले, दिव्याखालच्या काचेवरचे निळे ठिपके बघितले आणि भारावून म्हणाले, "डॉक्टर, हे विज्ञान जनतेपर्यंत गेलं पाहिजे."

जनतेला विज्ञान नको होतं. जनतेला, म्हणजे त्यातल्या नऊ बायांना, ओटे हवे होते. नगरपरिषदेनं मासळीबाजारासाठी नवं शेड बांधलं होतं. वर टिनाचं छप्पर, मध्ये पाण्याचा नळ आणि सिमेंटचे आठ ओटे. मासोळी विकणाऱ्या बाया नऊ. नकाशा काढताना कोणी बाया मोजल्या नव्हत्या. नगराध्यक्षांनी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या. बायांनी चिठ्ठ्या फाडल्या. वयानुसार द्यायचं म्हटलं, तर नऊच्या नऊ जणी एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. अशा वेळी प्राचार्यांनी त्यांच्या कानावर चमकमीन घातलं. नगराध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. जिची मासोळी दोनदा शिळी निघेल तिला ओटा नाही, तिनं बाहेर नालीजवळ बसावं. निकाल विज्ञान देणार. विज्ञानाला मतदान नसतं.

एका दिवसाची चाचणी पाच मिनिटांवर आणायची तर काहीतरी गाळावं लागणारच. डॉक्टरांनी वाटणं गाळलं, धुणं गाळलं, काचेची पट्टी गाळली. उरलं ते असं: कागदाची पट्टी मासोळीवर दाबायची, त्यावर चमकमीनचा थेंब टाकायचा आणि दिव्याखाली बघायचं. चहाच्या खोक्याला आतून काळा रंग दिला, दिवा बसवला, एक डोळा मावेल एवढं भोक पाडलं. "ढोबळ कल्पना येईल," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थोडा खाली होता. प्राचार्यांनी तो वर उचलला आणि पहिल्या चाचणीच्या दिवशी नऊ बायांसमोर जाहीर केलं, "जी चमकेल ती नापास."

"बाप्पा!" एक बाई म्हणाली. "आमी शाळेत गेलो नाई, आन् मासोळीची परीक्षा!"

"तुही त दरसाल नापास होईन," दुसरी म्हणाली. "चार दिवस बर्फात झोपून येते."

"झोपू दे. उठून चालत त नाई ना माह्या गिऱ्हाइकाच्या पोटात."

त्या नऊ जणींमध्ये एक पन्नाशीची बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. वणा नदीच्या काठी दोन-अडीच कोसांवर तिचं गाव. नवरा जाळं टाकायचा. ही घाटावर बसून पावशीवर, म्हणजे विळीवर, मासोळी कापायची, साफ करायची आणि टोपली डोक्यावर घेऊन यायची. तिचा एक गुडघा सुजलेला असायचा. जमिनीवर बसलं तर उठताना दोन बाया लागायच्या. शिवाय उन्हाचं होतंच. मला ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मास्तर, त्या ओट्याले सावली हाये, पानी हाये, आन् पाय सोडून बसता येते. मले बाकी काई नाई पाह्यजे. तुमच्या त्या खोक्याले सांगून द्या."

खोक्याला सांगणं माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात पट्ट्या होत्या. मी पट्टी दाबायचो, वीस आकडे मोजायचो, डॉक्टर थेंब टाकायचे आणि भोकाला डोळा लावायचे. आठ पट्ट्या कमी-जास्त निळसर, मंद. मावशीची पट्टी आत गेली आणि डॉक्टर डोळा न काढता म्हणाले, "ओहो."

मी पाहिलं. लखलखीत. पण बाकीच्या निळसर आणि ही पिवळट हिरवी. मी तसं म्हणालोही. "प्रमाण जास्त असेल तर छटा बदलत असावी," डॉक्टर म्हणाले. असावी, असं ते क्वचितच म्हणत. मी पुढे विचारलं नाही.

"काऊन जी? का झालं?" मावशीनं विचारलं.

"मावशी, तुमची मासोळी शिळी दाखवते."

"कोन दाखवते?"

"दिवा."

 मग तिनं टोपलीतला एक तुकडा उचलून माझ्या नाकाशी धरला. "कोंबडं आरवल्यावर पान्यातून काढली हे. घ्या वास. दिव्याले नाक हाये का?"

मी वास घेतला नाही. डॉक्टर समोर उभे होते आणि मोजमापाच्या जागी नाक लावणं मला अडाणीपणाचं वाटलं. बाजूला उभ्या असलेल्या एका रिटायर रेल्वेवाल्यानं मात्र वास घेतला, अर्धा किलो तोलायला सांगितलं आणि निघून गेला. त्याच्याकडे कोणतीही पदवी नव्हती. बर्फातली मासोळीवाली मात्र पहिली चाचणी पास झाली. ती येण्याआधी नळाखाली मासोळी तीनदा धुवायची. वरवरचं जे काही होतं ते नालीतून वाहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत खोका पुसत होतो. मावशीच्या मासोळीवर मी सवयीनं दोन पट्ट्या दाबल्या होत्या. एकीवर थेंब पडला, दुसरी माझ्या वहीत तशीच राहिली होती. ती मी उगाच दिव्याखाली ठेवली. तीही चमकली. तसाच पिवळट हिरवा लखलखाट, आणि हिला तर चमकमीनचा स्पर्शही झाला नव्हता.

कॉलेजात आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवायचो. कोणतीही परीक्षा करताना एक नळी कोरी ठेवायची. औषध न घालता काय दिसतं ते आधी बघायचं, मग औषध घालून काय दिसतं ते सांगायचं. जो ही कोरी परीक्षा करत नाही त्याची वही मी परत करायचो. आम्ही दोघांनी, एक परदेश पाहिलेला डॉक्टर आणि एक कडक डेमॉन्स्ट्रेटर, भर बाजारात ती केली नव्हती.

पट्टी उजेडात आणली तर तिच्यावर फिक्कट पिवळा डाग होता. शिपायाला दाखवला.

"हे कशाचं आहे रे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आज मी बरा आहे ना याची त्याला खात्री करून घ्यायची असावी. "हयद हाये सर. कापलेल्या मासोळीले हयद-मीठ नाई लावत काय? मंग ते टिकते कशी?"

त्याच्या डब्यातल्या भाजीचा रस्सा मी पट्टीवर टेकवला. चमकला. प्रयोगशाळेतल्या चार जणांपैकी तिघांच्या बोटांवर जेवणानंतर हळद असायची. डॉक्टर सोडून आम्ही तिघांनी बोटं दिव्याखाली धरली. माझी सगळ्यात जास्त चमकत होती. हळद दिव्याखाली चमकते हे डॉक्टरांना ठाऊक असणार, पुस्तकातून मलाही ठाऊक होतं. पण मासोळी पिवळी आहे हे आमच्या दोघांच्याही डोळ्यांना दिसलं नव्हतं. आमच्याकडे हळद ही वस्तू नसतेच, ती हवेसारखी असते. भिंतीवर असते, उंबऱ्यावर असते, जखमेवर असते, नवरीच्या अंगावर असते. परदेशात जन्मलेल्या माणसानं तो पिवळा रंग पहिल्या झटक्यात पाहिला असता. बाकीच्या आठ जणी अख्खी मासोळी आणायच्या. कापून, धुऊन, हळद-मीठ लावून आणणारी ही एकटीच. म्हणून तिची गिऱ्हाइकं ठरलेली, आणि म्हणूनच ती नापास.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांना समजायला एक वाक्य पुरलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोरी परीक्षा." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. तो साधारण अर्धा मिनिट टिकला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "कार्यक्रमानंतर आपण शांतपणे दुरुस्ती करू."

दुसरी चाचणी म्हणजे मंगळवारचा कार्यक्रम. मुंबईहून एक मंत्री येणार होते.

"सर, पण कार्यक्रमात तिचा ओटा जाईल."

"ओटा परत देता येतो," डॉक्टर म्हणाले. "मंत्री परत येत नाहीत."

मी सायकल काढून मावशीच्या गावी गेलो. विज्ञान दुरुस्त होत नसेल तर मासोळी दुरुस्त करावी, असा माझा बेत होता. ती अंगणात जाळ्याची फाटकी टोकं बांधत बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. मग म्हणालो, "मावशी, फक्त मंगळवारी हळद लावू नका. एक दिवस."

"एक दिवस?"

"एकच."

"आन् त्या एका दिवशी कोनाच्या पोटात गेली, कोनाचं पोट दुखलं, त? तुमचा दिवा येईन दवाखान्यात?"

"विकू नका तर. नुसती दाखवा."

"मासोळी का सोनं हाये, दाखवून घरी आनाले?" तिनं गाठ दातानं तोडली. "मास्तर, दिव्याले हयद समजत नाई हे तुमाले समजलं ना?"

"हो."

"तुमच्या डाक्तरले समजलं?"

"हो."

"मंग त्या मंत्र्याले तेवढंच सांगून द्या. माह्या मासोळीले काऊन शिकवून राह्यले?"

मी म्हणालो, सांगतो. तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. परतताना मी वाक्यही तयार केलं. 'साहेब, या चाचणीत एक मोठी चूक राहिली आहे.' आठ शब्द. सायकलवर ते खणखणीत वाटत होते.

मंगळवारी पाहुणे तीन तास उशिरा आले. मे महिन्यात आमच्याकडे तीन तासांत काय होतं ते मासोळीला विचारावं. आठ जणी तात्पुरत्या आठ ओट्यांवर, मावशीला तेवढ्यापुरतं एक स्टूल. बर्फवालीचा बर्फ संपला होता. एकच टोपली अशी होती जिला काही झालं नव्हतं, कारण ती टोपली नव्हतीच. एक किडकिडीत बाई मरळ जातीच्या मासोळ्या जिवंत आणायची, झाकण घातलेल्या जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, पाण्यासकट. ती गंजाशेजारी झोपी गेली होती.

सुताचे हार झाले. साधेपणावर भाषणं झाली. प्राचार्यांनी विज्ञान जनतेपर्यंत पोहोचल्याचं जाहीर केलं. जनता पदरानं वारा घेत होती. नऊ पट्ट्यांवर डॉक्टरांनी थेंब टाकले, मी त्या क्रमानं खोक्यात मांडल्या, दिवा लावला. पाहुण्यांनी भोकाला डोळा लावला. मी त्यांच्या उजव्या हाताला, आठ शब्द जिभेवर. मावशी समोरून माझ्याकडे बघत होती.

"अरे वा!" पाहुणे म्हणाले. "क्या बात है! ही पाच नंबरची तर हिऱ्यासारखी चमकून राहिली!"

पाच नंबर मावशीचा.

प्राचार्य घाईनं पुढे सरकले. "साहेब, ती..."

"ही कोणाची आहे? हिचा पहिला नंबर!" पाहुणे मान वर करून म्हणाले. "पहिला ओटा हिला द्या. बाकीच्या पहा, सगळ्या मंद. ही एक झळकते."

 नगराध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी डॉक्टरांकडे, डॉक्टरांनी माझ्याकडे. माझ्यानंतर बघायला कोणी नव्हतं. आमच्याकडे प्रमुख पाहुण्याला भर समारंभात तुमचं उलटं झालं असं सांगितलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. पाहुण्यानं पुतळ्याच्या पाठीला हार घातला तर पुतळा फिरवतील. मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. मग लक्षात आलं, की आमची चूक आणि पाहुण्यांची चूक मिळून मावशीला ओटा मिळतो आहे. मी तोंड मिटलं. ते मिटताना मला आपण शहाणे आहोत असंही वाटलं.

पहिली टाळी प्राचार्यांनी वाजवली. मग माईकवर जाऊन त्यांनी सांगितलं, की चमक हे ताजेपणाचंच लक्षण होय आणि आमच्या महाविद्यालयानं हे सिद्ध केलं आहे. फोटोग्राफरनं खोक्याच्या भोकात फ्लॅश मारला. त्या फोटोत पुढे काहीच दिसलं नाही, तरी तो प्राचार्यांच्या खोलीत लागला.

मला वाटलं संपलं. पण पाहुण्यांनी पुन्हा डोळा लावला होता. "आणि ही आठ नंबरची? ही तर बिलकुलच बुझलेली आहे. ही कोणाची?"

आठ नंबर मरळवालीचा. तिला जागं करण्यात आलं. ती धडपडत उठली, तिचा धक्का गंजाला लागला, झाकण सरकलं आणि हातभर लांबीची एक मरळ बाहेर उसळून सिमेंटवर पडली. तडफडत, शेपटी आपटत ती थेट पाहुण्यांच्या चपलेपर्यंत गेली. पाहुणे दोन पावलं मागे सरले. सगळ्यांनी ती पाहिली. ती जिवंत आहे याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

"हिला जरा समज द्या," पाहुणे म्हणाले. "जनतेच्या आरोग्याशी खेळ नको."

पुढच्या बाजारी पहिल्या ओट्यावर मावशी होती आणि मरळवाली बाहेर नालीजवळ उन्हात. तिच्या गंजातलं पाणी दहा वाजता कोमट व्हायचं आणि मासोळ्या वर येऊन तोंडं उघडायच्या. पिवळी मासोळी जिंकते, हा विज्ञानाचा निकाल बाकीच्या सात जणींना त्याच दिवशी कळला होता. सातही जणींनी मासोळीला हळद फासली होती. बर्फवालीनं इतकी, की तिची मासोळी नवरीसारखी दिसत होती. वासही बराच दबला होता.

आठवडाभरानं नगरपरिषदेचे बाबू प्रयोगशाळेत आले. नववी बाई कायमची बाहेर काढायची तर तिची मासोळी कमी प्रतीची असल्याचा दाखला लागत होता. डॉक्टर एका परिषदेला गेले होते. तिथे त्यांनी निबंध वाचला, काचेच्या पट्ट्यांचा. बाजाराचा भाग त्यांनी गाळला होता आणि निबंधाचं कौतुक झालं, रास्तच झालं.

"तुमीच होते ना खोक्याजवळ? तुमची सही चालते," बाबू म्हणाले.

मी कागद घेतला आणि माझ्या उत्तमातल्या उत्तम अक्षरात लिहिलं, की सदर चाचणीत कोरी परीक्षा केली नव्हती, दिसलेली चमक हळदीची होती, आणि या चाचणीवरून कोणत्याही मासोळीच्या ताजेपणाबद्दल काहीही सांगता येत नाही. खाली सही केली.  ज्यासाठी भर बाजारात आठ शब्द निघाले नाहीत, ते बंद खोलीत दहा ओळी होऊन निघाले.

बाबूंनी ते दोनदा वाचलं. "हे सांगता येत नाई म्हंजे पास का नापास?"

"दोन्ही नाही."

"रकाने दोनच हायेत, सर."

"मग रिकामे ठेवा."

"रिकामा रकाना वर जात नाई." त्यांनी विचार केला आणि पेन्सिलीनं 'प्रलंबित' असं लिहिलं. "म्हंजे तिले काढता येत नाई. पन बसवू कोठी? ओटे त आठच."

बाजाराचा दिवस होता. आम्ही दोघं चालत शेडमध्ये गेलो. मावशी ओट्यावर पाय सोडून बसली होती. मी तिला सांगितलं, की मी लेखी दिलं आहे, चाचणी चुकीची होती असं.

"आता देलं?" ती म्हणाली. "मले ओटा भेटल्यावर?"

"हो."

"आन् मंगळवारी तोंडात का धरलं होतं? मरळ?"

बर्फवाली खो खो हसली.  बोलण्यासारखं जे होतं ते, मला फायदा झाला नसून तुम्हाला झाला, असं काहीतरी होतं. ते मनात म्हणून पाहिलं तरी बरं वाटत नव्हतं.

मावशीनं बाबूंकडे मोर्चा वळवला. "हे बाहेरची कवापर्यंत बाहेर हाये?"

"प्रलंबित हाये," बाबू म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे काढता येत नाई आन् बसवता येत नाई."

मावशीनं नालीकडे पाहिलं. मरळवाली गंजावर पदर धरून उभी होती, स्वतः उन्हात. मावशीनं तिच्याकडे बघून हाक मारली नाही, नुसती टोपली उचलून डावीकडे ठेवली, पावशी ओढली आणि ओट्यावर अर्धी सरकली. गुडघा धरून सरकायला तिला वेळ लागला. मग ओरडली, "ये व माय! उभी काऊन हायेस, तुलेबी मंत्री पाह्यजे का सांगाले?"

"अवो बाई, एका ओट्यावर एकच नाव लागते," बाबू म्हणाले.

"नाव माह्यंच राहू द्या. नाव बसते का ओट्यावर? बसाले बाई लागते."

मरळवालीनं गंज आणून ओट्यावर टेकवला. टेकवताना पाणी हिंदकळलं आणि मावशीच्या कापलेल्या तुकड्यांवर सांडलं.

"हात तुटले का? सारी हयद धुतली गेली माही!"

"धुतली त धुतली. ताजी त हाये ना, मंग हयद कायले पाह्यजे?"

"तुह्यी जिती हाये म्हनून बोलून राह्यली. मरू दे, मंग पाहीन!"

बाबू वहीत काही लिहावं की नाही अशा विचारात पेन धरून उभे होते. दोघी एकमेकींवर चढल्या होत्या आणि दोघींपुढे गिऱ्हाईक थांबू लागलं होतं. मी गंज थोडा बाहेरच्या बाजूला सरकवून दिला. मरळवालीनं तो लगेच पुन्हा आत ओढून घेतला.